सी.ए. नसलेल्या रंजनाताई

माझी रोपवाटिका बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्याच्या कडेला आहे. टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपं माझ्याकडून ट्रेच्या ट्रे, पिकअप भरून जातात. त्यामुळे एका रणरणत्या दुपारी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या एक बाई स्कूटीवरून उतरल्या आणि म्हणाल्या, "मिरचीची दहा रोपं द्या," तेव्हा माझं डोकं सरकलं. त्या दिवशी वाऱ्याने शेडनेट फाटलं होतं, कामाच्या बायका आल्या नव्हत्या आणि पाण्याची मोटार मधूनच बंद पडत होती. त्यात ही दहा रोपं.

तरी मोजून दिली. पैसे घेतले. बाई तिथंच उभ्या.

"आता काय?" मी म्हणालो.

"बिल द्या."

"दहा रोपांचं बिल? ताई, रोपांपेक्षा बिलाचा कागद महाग पडंल मला."

त्यांनी स्कार्फ खाली केला, माझ्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मीही सुटलो म्हणून मोटारीकडे वळलो.

पुढे दोनेक महिन्यांनी माझा हिशोब लिहिणारा माणूस पुण्याला नोकरीला लागला आणि मी वाऱ्यावर पडलो. ज्याला त्याला विचारत सुटलो. खतवाला म्हणाला रंजनाताई, बेकरीवाला म्हणाला रंजनाताई, टायरवालाही तेच म्हणाला. फोन लावला.

"तुमच्याकडं मी येऊन गेले की, दत्ताभाऊ," पलीकडून आवाज आला. "बिल मागितलं तर तोंड वाकडं केलं तुमी. तुमचं काम मी घेणार न्हाय." आणि फोन बंद.

मला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा असा संताप आला की मी गाडी काढून थेट बारामतीला त्यांच्या घरी भांडायला गेलो. रंजनाताई घरी नव्हत्या. त्या कधी घरी नसतातच, असं त्यांच्या मालकांनी सांगितलं. हे एका शाळेतून निवृत्त झालेले कारकून, अगदी मऊ माणूस. बाहेरच्या खोलीत ते ज्या पसाऱ्यात बसले होते तो बघून मी भांडण विसरलो. दोरीची बंडलं, नरसाळी, पाईपाच्या क्लिपा, उंदराचे सापळे, फवारणी पंपाचे नोझल, सुतळी, खिळे.

"दुकान हाय का तुमचं?" मी विचारलं.

"न्हाय वो. ही हिची परीक्षा घ्यायची सामग्री. आमच्याकडं उंदीर एक न्हाय, सापळं मात्र बघा किती हायत."

रंजनाताईंनी आयुष्यात व्हिजिटिंग कार्ड छापलं नाही. नवं काम हवं असलं की त्या एखाद्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरायच्या, सगळ्यात किरकोळ वस्तू घ्यायच्या आणि बिल मागायच्या. ज्याने कुरकुर न करता बिल फाडलं त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं, मी हिशोब लिहिते, तुमचा लिहू का. ज्याच्या कपाळाला आठी पडली त्याचं दुकान त्यांच्या लेखी मिटलं. "बारक्या गिऱ्हाइकाला जो कागद देतो, त्याच्या मागं मला कागदासाठी पळावं लागत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आम्हाला वाटायचं आपण हिशोबाला बाई ठेवली, पण निवड त्यांनी केलेली असायची. मला त्यांनी मालकांनी शब्द टाकला म्हणून कसंबसं घेतलं, तेही तीन महिने बघेन म्हणून. पुढे कितीतरी वर्षं त्या माझ्याकडे आल्या, पण ते तीन महिने संपले असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

कामाला आल्या की मला धसका बसायचा. माझ्या ऑफिसात, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, त्यांच्यासाठी खास खुर्ची ठेवली होती. त्या खुर्चीत त्या टेकायच्या न टेकायच्या तोच उठायच्या. हातात पावत्या घेऊन रोपांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालायच्या, मधेच थांबून ओरडायच्या, "दत्ताभाऊ, हा कोकोपीटचा माल कुठं उतरवला? दाखवा." माल दाखवल्याशिवाय नोंद नाही. चहा बशीत ओतून उभ्याउभ्याच प्यायच्या, तोही अर्धा. मी म्हणायचो, ताई, एक घटकाभर बसा, मला भोवळ येते. त्या म्हणायच्या, "बसून बसून माझं काय झालंय ते तुमाला म्हाईत न्हाय."

ते मला पुढे कळलं. तरुणपणी त्या एका पतसंस्थेत रोखपाल होत्या. जाळीच्या खिडकीमागे बसायच्या. पतसंस्था बुडाली तेव्हा संचालक घरी बसले, चेअरमन गावाबाहेर गेले, आणि लोक येऊन जे काही बोलायचं ते त्या खिडकीतल्या बाईला बोलले. पाटी मोठी होती, मागे काहीच नव्हतं, आणि समोर या एकट्या. त्यानंतर वर्षभर त्यांना कुणी काम देईना. पहिलं काम दिलं लोणी भापकरच्या आबांनी. आबांचं बारामतीत पंप आणि पाईपांचं दुकान आहे. त्यांचेही पैसे त्याच पतसंस्थेत अडकले होते, तरी त्यांनी रंजनाताईंना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, तू पळून गेली न्हाईस. माझा हिशोब तू लिही." आबा त्यांना अगंतुगं करायचे, आणि तसं करणारे बारामतीत ते एकटेच.

आता त्यांच्या दुसऱ्या सवयीबद्दल. कुठलंही काम समोर आलं की त्या टेबलावर हाताच्या कडेने एक रेघ ओढायच्या. "हितपर्यंत माझं. हितनं पुढं साहेबांचं." साहेब म्हणजे भिगवण रस्त्यावरचे एक सी.ए. मला एकदा करखात्याची नोटीस आली. मी घाबरलो, मी घाबरलो की चिडतो, आणि चिडून म्हणालो, "तुमीच लिहा काय उत्तर लिहायचं ते. एवढी वर्षं हिशोब तुमच्याकडं हाय." त्यांनी टेबलावर रेघ ओढली, स्कूटी सुरू केली आणि मला म्हणाल्या, "बसा मागं."

माझी गाडी दुरुस्तीला होती. इलाज नव्हता. मी सहा फुटी माणूस, त्या स्कूटीवर गुडघे छातीशी घेऊन, नोटीस दातात धरून, सगळ्या इंदापूर रस्त्याच्या देखत बारामतीत शिरलो. ओळखीच्यांनी हात केले. वर्षभर मला त्यावरून चिडवलं. साहेबांच्या ऑफिसात मला आत ढकलून रंजनाताई बाहेरच्या व्हरांड्यात थांबल्या. मी म्हणालो, आत चला. त्या म्हणाल्या, "तितं माझं काम न्हाय." साहेबांनी स्वतः दार उघडून बोलावलं तरी आल्या नाहीत. दाराच्या काचेतून मला त्या इकडून तिकडे जाताना दिसत होत्या, नखं कुरतडत. नोटीस माझी, पण जीव त्यांचा वरखाली होत होता. त्या कामाचे पैसे साहेबांना गेले. रंजनाताईंनी पेट्रोलही मागितलं नाही.

असं करून धंदा वाढत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगायचो. आणि तो वाढलाही नाही. उलट पुढे दुकानदारांची मुलं शिकून आली, मोबाईलवरच बिलं करायला लागली, आणि ताईंची एकेक दुकानं सुटायला लागली. ताईंचा स्वतःचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, मालकांचे गुडघे गेलेले. एक मोठं काम मिळणं त्यांना जरुरीचं होतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण येरझाऱ्या वाढल्या होत्या आणि स्कूटी पार मोरगावापर्यंत धावायला लागली होती.

त्याच उन्हाळ्यात आबांच्या मुलीचं लग्न झालं.

आमच्याकडच्या लग्नात माइकवाला काय करतो ते सांगायला हवं. तो दारात येणाऱ्या प्रत्येकाला पुकारतो, आणि पुकारताना एक पायरी वर चढवतो. ग्रामपंचायतीचा सदस्य असला तर तो तालुक्याचा नेता होतो. पिठाची गिरणी असली तर उद्योगपती होतो. मला त्या दिवशी "प्रगतशील बागायतदार आणि कृषितज्ज्ञ" म्हणून पुकारलं, आणि खोटं कशाला बोलू, मी शर्टाची कॉलर नीट करून दोन्ही हात जोडत आत गेलो. यजमानाची शोभा पाहुण्यांवर असते. सगळे ऐकतात, कुणी खरं मानत नाही, कुणाचं काही बिघडत नाही.

रंजनाताई आल्या. आबांनी माइकवाल्याच्या कानात स्वतः काहीतरी सांगितलं. आणि सगळ्या मांडवावर आवाज घुमला, "बारामतीच्या सुप्रसिद्ध सी.ए., आमच्या रंजनाताई यांचं आगमन झालेलं आहे. त्यांचं हार्दिक स्वागत. आबांच्या हस्ते त्यांचा सत्कार होत आहे."

आबांनी नारळ हातात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर लेकीच्या लग्नाचा आनंद होताच, पण त्यात हाही एक आनंद होता, की खिडकीतल्या त्या पोरीला आपण चारचौघांत मोठं केलं. रंजनाताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या माइककडे वळल्या, आबांकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं, आणि नारळ घेऊन बाजूला झाल्या. जेवल्या नाहीत.

माझ्या शेजारच्या खुर्चीत इंदापूरचे तात्या बसले होते. माझ्या बायकोचे चुलतभाऊ, डाळिंबाच्या पॅकहाऊसचे मालक. माल परदेशी जातो, पसारा मोठा. त्यांनी माझ्या मांडीवर हात मारला. "पाव्हणं, ह्या बाई तुमच्या वळखीच्या ना? आणा माझ्याकडं. मला असंच माणूस पायजे. सगळं काम देतो."

तेच मोठं काम, आपल्या पायांनी चालत आलेलं. मी अक्षता पडायच्या आधीच ताईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "लग्न होऊन जाऊ द्या."

आणि लग्न झाल्यावर त्या सुटल्या. सुपे, मोरगाव, लोणी भापकर, जे जे ओळखीचे लग्नात होते त्यांच्या दारात स्कूटी लावून सांगत सुटल्या, "परवा माइकवर बोलले ते खरं न्हाय. मी सी.ए. न्हाय." उन्हातान्हात, पोटात अन्न नाही. मालकांनी मला फोन केला, दत्ताभाऊ, हिला थांबवा. मी रस्त्यात गाठलं आणि झापलं. "ताई, मला कृषितज्ज्ञ म्हणले. मी गेलो का कुणाच्या दारात सांगायला?"

"तुमच्याकडं कुणी त्यावर विश्वासून कागद आणून टाकणार न्हाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं टाकत्यात. मोठ्या पाटीमागं बसून मी एकदा शिव्या खाल्ल्यात, दत्ताभाऊ. आता पुन्हा न्हाय बसणार."

गंमत अशी झाली की कुणालाच ते पटेना. सुप्याच्या कापडवाल्याने त्यांना पाणी दिलं आणि मागे वळून बायकोला सांगितलं, "बघितलंस? खरी शिकलेली माणसं अशीच असत्यात. आपण व्हऊन सांगत न्हायत." मोरगावात एका म्हातारीने त्यांचे फक्त पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या जितकं नाही म्हणत तितकं त्यांचं नाव वाढत गेलं. आठवड्याच्या शेवटी अशी वेळ आली की बारामतीतली कधी न भेटलेली माणसंही त्यांना सी.ए. मॅडम म्हणायला लागली, वर साधेपणाचं कौतुक. मी हसलो तर त्या माझ्यावर अशा खेकसल्या की आठवडाभर मी फोन केला नाही.

शेवटी तात्यांचा मला तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हा मी ताईंना इंदापूरला घेऊन गेलो. त्या पुढे स्कूटीवर, मी मागे गाडीवर. पॅकहाऊसच्या दारात मी हळूच म्हणालो, "ताई, घ्या काम. सही साहेबांची घ्यायची. तात्यांना माल गेल्याशी मतलब हाय, पाटीशी न्हाय." त्या स्कूटी लावून सरळ आत गेल्या.

आत मोठे पंखे, बायका बसून डाळिंबं निवडत होत्या, क्रेटची उतरंड छताला लागलेली. तात्यांनी खुर्ची पुसून दिली. ताई बसल्या नाहीत.

"तात्या, मी सी.ए. न्हाय."

"कळलं," तात्या हसले. "तुमी गावोगाव सांगत फिरताय ते आलंय कानावर. ह्योच साधेपणा मला भावला. ह्या वर्षापासनं ऑडिट, बँक, परदेशाचा कागद, सगळं तुमी बघायचं. मी दुसरीकडं जाणार न्हाय."

"साधेपणा न्हाय, तात्या. खरंच सांगते."

"असू द्या की. चहा घ्या."

त्या क्रेटच्या रांगेपर्यंत गेल्या आणि परत आल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. मग मोठ्याने, निवडणाऱ्या बायकांपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी बी.कॉम. नापास हाय. दुसऱ्या वर्षाला दोन विषय ऱ्हायले, ते ऱ्हायलेच. त्यातला एक अकाउंटचा."

डाळिंबं निवडणारे हात थांबले. तात्यांच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग हळूहळू गेलं. बारामतीत सगळे त्यांना निदान पदवीधर तरी धरून होते. मीही.

"मग एवढी वर्षं लोकांचं हिशोब..." तात्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"लिहिते. रोजचं लिहायला येतं मला, चांगलं येतं. त्याच्या वरचं येत न्हाय. तुमचं काम वरचं हाय."

"बरं," तात्या म्हणाले. "कळवतो." आमच्याकडे कळवतो म्हणजे नाही.

परत येताना कालव्याच्या पुलावर त्यांनी स्कूटी थांबवली. बाटली काढून पाणी प्यायल्या, निम्मं पाणी पदरावर सांडलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, बरं झालं, एकदाचं मोकळं झालात.

"मोकळं काय, दत्ताभाऊ? लाज वाटतीया. माझ्या पोराला बी म्हाईत न्हवतं हे. आता त्याच्या आधी इंदापूरला कळलं." आणि माझी वाट न बघता निघून गेल्या. मी पुलावर मूर्खासारखा उभा राहिलो. मला तात्यांचा राग आला होता, माइकवाल्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त या बाईचा, जिला कुठेतरी गप्प बसणं जमत नाही.

बातमी पसरलीच. सी.ए. नाही म्हणून सांगितलेलं कुणी मानलं नव्हतं, हे नापासाचं मात्र दोन दिवसांत बारामतीत पोचलं. काही दुकानदारांनी काम काढून घेतलं. बेकरीवाला राहिला, खतवाला राहिला, मी राहिलो. पण जे लागलं ते आबांचं. रंजनाताई त्यांना झालेलं सगळं स्वतः सांगायला गेल्या तेव्हा आबा गादीवरून उठलेही नाहीत.

"माझ्या लेकीच्या लग्नात मी खोटं बोललो, आसं तालुकाभर सांगत फिरलीस," ते म्हणाले. "तुला मोठं केलं तर तुला ते सोसलं न्हाय."

"आबा, तुमी जितं उभं केलं तितं मला उभं ऱ्हाता येईना," ताई म्हणाल्या. आबांनी मान फिरवली. हिशोब पुण्याच्या पुतण्याकडे गेला. ताईंनी सगळे कागद बांधून नेऊन दिले, आणि त्यानंतर त्या पेठेतून आबांच्या दुकानावरून जाताना मान खाली घालून जायच्या. पहिलं काम देणारा माणूस होता तो. त्याच्या जागी दुसरं दुकान धरता येत नाही.

परवा मी ठिबकच्या नळ्या घ्यायला आबांच्या दुकानात गेलो होतो. माझे काही कागद ताईंना द्यायचे होते, म्हणून त्यांना तिथंच बोलावलं. त्या आल्या आणि पायरीखाली, उन्हात उभ्या राहिल्या. मी म्हणालो, वर या. त्यांनी नुसता हात पुढे केला, कागदांसाठी. या काही वर्षांत त्यांचे केस बरेच पिकले होते. पायरीखाली त्यांचा एक पाय थांबत नव्हता.

पंपाच्या कंपनीचा नवा विक्रेता आबांसमोर बसला होता. त्याने सहज विचारलं, "ह्या कोण?"

आबा नळी मोजत होते. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं आता मान फिरवतील, आणि मी बोलायला तोंडही उघडलं होतं.

"ही रंजना," आबा म्हणाले. "आपला हिशोब ही लिहिती." मग पुन्हा नळी मोजत पायरीच्या दिशेने बोलले, "पुतण्याकडनं कागद आल्यात माघारी. सोमवारी ये."

रंजनाताईंनी माझे कागद पिशवीत घातले. चेन लावताना ती दोनदा अडकली.

"सोमवार जमायचा न्हाय, आबा," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी सुप्याला असते. मंगळवारी येते."

"ये मग मंगळवारी," आबा म्हणाले.